बाबालालचाचांची शिलाई

या प्रकरणात पुढं एक सामना येईल आणि माझी एक चूक येईल. पण त्याआधी बाबालालचाचांचं नाव लिहून ठेवतो, कारण ते राहिलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. सांगलीत घाटाकडं उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं टांग्याच्या घोड्यांचे साज शिवायचं दुकान होतं. दुकानामागं दोन खोल्या आणि त्यांच्या मागं एक पडवी. त्या पडवीत त्यांनी मला चार वर्षं ठेवून घेतलं. मी त्यांच्या नात्याचा नव्हतो, गावचाही नव्हतो. हळदीच्या वखारीत पोती उचलताना ताप भरून मी पोत्यांच्या थप्पीवरच आडवा झालो होतो, आणि बाहेर कुणाच्या तरी घोड्याचा पट्टा बसवायला आलेल्या चाचांनी मला बघितलं. त्यांनी त्याच टांग्यात घालून मला घरी आणलं. चाचीनं आठ दिवस कण्या शिजवून पाजल्या. ताप उतरला तरी ‘आता जा’ असं त्या घरात कुणी म्हणालं नाही, आणि मलाही कुठं जायचं ते ठाऊक नव्हतं.

मी कडेगावचा. मराठी पाचवीनंतर शाळा सुटली. सुटली म्हणजे सोडवली. थोरला दादा पलटणीत भरती होऊन लढाईवर गेला आणि घरातलं एक माणूस तरी बाहेर मिळवतं पाहिजे असं ठरलं. आज कडेगाव ते सांगली हे अंतर सांगितलं तर नातवंडं हसतात. तेव्हा मला ते परदेशासारखं वाटे. निघताना आईनं माझ्या दंडाला तांब्याचा ताईत बांधला. दादाला बांधला होता तसाच, आमच्याकडच्या पीरापुढं ठेवून आणलेला. म्हणाली, “दोघांचं एकाच दिवशी मंतरून आणलंय. तू सोडलास तर त्याचंबी सुटंल, ध्यानात ठेव.” बिचारीनं मी आंघोळीला काढून ठेवू नये म्हणून म्हटलं असेल. मी ते वाक्य काळजाला बांधून सांगलीला आलो.

हळदीच्या वखारीत काम करणारा माणूस लपत नाही. नखं, तळवे, कानामागची घडी, सदऱ्याची बाही, सगळं पिवळं. दुकानावर बसणारे टांगेवाले मला ‘नवरदेव’ म्हणत. “काय रं नवरदेवा, हळद लागून दोन वर्सं झाली, नवरी कवा आणतूस?” चाची आतून ओरडायची, “माझ्या पोराला हसू नगा रं, तुमच्या घोड्यास्नीबी लाज वाटंल आसं बोलतासा.” चाचीच्या भाकरीला माझ्या हातचा पिवळा डाग लागे आणि ती तो बाजूला न करता खाई. सकाळी जाग यायची ती चाचांच्या लाकडी मोगरीच्या आवाजानं. ओलं कातडं ठोकण्याचा तो आवाज जड आणि बसका असतो, लोखंड ठोकल्यासारखा टणक नसतो. नंतर सुताला मेण लावताना होणारी सर्र सर्र. कातडं, मेण आणि चुलीवरचा खर्डा यांचा मिळून एक वास त्या घराला होता. या वयातही एखाद्या चपलेच्या दुकानासमोरून जाताना मी थांबतो, आणि मुलगी म्हणते, “बाबा, तुम्हाला चप्पल हवीय का?”

फुटबॉल मी गावाकडं बघितला नव्हता. आमच्याकडं कुस्ती. सांगलीत घाटावरच्या तालमीत कुस्तीही होती, पण तालमीची अब्रू म्हणाल तर ती चेंडूवर होती. पोरं अनवाणी खेळत. आणि चेंडू शिवून द्यायचे बाबालालचाचा. आमच्या तालमीलाही तेच देत आणि मिरजेच्या मंडळालाही तेच. सांगली आणि मिरज म्हणजे एका आईच्या पोटची दोन पोरं, सारखी एकमेकांच्या उरावर. पण दोन्हीकडं एक रीत होती. ढालीचा, म्हणजे दरसालच्या बक्षिसाचा, शेवटचा सामना चाचांच्या चेंडूनं खेळायचा. चाचा स्वतः घाटावरच्या तालमीचे, पोरपणी तिथंच खेळलेले, हे मिरजवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी ते म्हणत, “चाचाची शिलाई काय सांगलीची न्हाई, मिरजंची न्हाई. ती चाचाची हाय.” लढाईमुळं रबर मिळेनासं झालं होतं. आतला ब्लॅडर फाटला की सायकलवाल्याकडून ठिगळ मारून आणायचा. साऱ्या गावात सामना खेळता येईल असा चेंडू एकच असायचा, आणि तो चाचांच्या खुंटीला टांगलेला असायचा.

तालमीच्या माणसाला काहीतरी काम असतंच. कुणी लिंबं आणतो, कुणी पोरांचे पाय चोळतो. माझ्या वाट्याला चेंडू फुगवायचं काम आलं, कारण पोती उचलून माझी छाती मजबूत झाली होती. ब्लॅडरची नळी तोंडात धरून फुगवायचा, नळी दुमडून दोऱ्यानं करकचून बांधायची, चेंडूच्या फटीतल्या कातड्याच्या जिभेखाली दाबायची आणि वरून वादीनं, कातड्याच्या दोरीनं, आवळायचं. आवळताना चाचा बघत असायचे. “हळू. घोड्याच्या पोटाचं तंग आवळताना घोडं सांगतंय, पुरं झालं म्हणून. चेंडू सांगत न्हाई. आपुन वळकायचं.”

त्या कामानं मी तालमीचा झालो आणि माझी झोप गेली. हे कसं सांगावं कळत नाही. दादाची पत्रं येत, पण तीन-तीन महिने येत नसत. आल्यावर त्यातल्या ओळी काळ्या शाईनं खोडलेल्या असत. वखारीतले लोक वर्तमानपत्र वाचून कुठं काय पडलं ते सांगत आणि मी पोतं पाठीवर घेऊन ऐकत उभा राही. एकदा घाटावरची तालीम एक सामना जिंकली आणि दुसऱ्या दिवशी दादाचं पत्र आलं. दुसऱ्यांदा तसंच झालं. तिसऱ्यांदा तालीम हरली आणि पत्र आलं नाही. झालं, माझ्या मनानं हिशोब बांधला. तेव्हापासून तालमीच्या बाजूनं चेंडू गोलाकडं गेला की दादा एक पाऊल घराकडं येई, आणि आमच्या गोलाकडं आला की एक पाऊल मागं जाई. सामन्याच्या दिवशी मला अन्न जात नसे. चाची ताट वाढून ठेवी आणि परत झाकून ठेवी. “खेळनार ती पोरं, आन् उपास तुला,” असं म्हणे. मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं तर हसतील आणि हसले तर ते खोटं ठरेल, अशी भीती.

तालमीत गणूमामा म्हणून होते, चाळिशीचे. त्यांचं दुखणं वेगळं. त्यांना रात्री झोप यायची, जेवणही जायचं, पण हरल्यावर ते आठ दिवस पेठेतून जात नसत, मागच्या बोळातून जात. सामना चालू असताना त्यांचा आवाज नदीपलीकडं जाई. आपल्याच पोरांना आईबापांवरून शिव्या. मिरजेच्या कुणा व्यापाऱ्यानं चार माणसांत टोमणा मारला तर तो त्यांना वर्षभर पुरे. आणि चाचा? ते मैदानाच्या कडेला, गोलाच्या जरा मागं, पोतं अंथरून बसत. कुणी पडलं की उठून उभे राहत, तो उठला की परत बसत. गोल झाला तेव्हाही मी त्यांना उभं राहिलेलं पाहिलं नाही. एकदा मी जरा रागानंच विचारलं, “चाचा, तुमाला काईच कसं वाटत न्हाई?” ते म्हणाले, “वाटतंय की. पर आता मला ढाल दिसतच न्हाई रं सदू. नुसतं पाय दिसत्यात. त्या पांडूचा गुडघा बघ. त्याचा बाप हमाल, त्योबी उद्या हमाल व्हनार. गुडघा गेला तर काय उचलंल?” मला वाटलं, म्हातारा झाला, संपला. अठराव्या वर्षी माणूस किती सहज दुसऱ्याला संपवतो.

त्या साली ढालीचा शेवटचा सामना आमचा आणि मिरजेचा. दादाचं पत्र येऊन पाच महिने झाले होते. आईनं शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं कार्ड आलं होतं, त्यात एकच ओळ माझ्यासाठी होती: ताईत दंडाला आहे ना. दुपारी मी चेंडू फुगवायला बसलो. चाचांनी शिलाईवरून अंगठा फिरवला, दोन जागी मेण चोळलं आणि ते नमाजाला गेले. दुकानात मी एकटाच. मी फुगवला, नळी बांधली, आणि जीभ दाबायच्या आधी माझा हात आपसूक दंडाकडं गेला. दोघांचं एकाच दिवशी मंतरलेलं. एक दादाजवळ आहे. हा जर चेंडूत असेल, तर चेंडू दादाचाच झाला की. सोडत नाही, नुसती जागा बदलतोय, असं मनाशी म्हणत मी ताईत सोडला आणि दोऱ्यासकट जिभेखाली सारला. तांब्याच्या कडा आत टोचतील, चिंधीत गुंडाळावा, एवढंही सुचलं नाही. वादी आवळली. चाचा परत आले, त्यांनी चेंडू कानाशी धरून हलवला, तळहातानं दोनदा थोपटला आणि म्हणाले, “चल.” मी दाबून आवळलं होतं, त्यामुळं आत काही वाजलं नाही.

मैदानावर दोन्हीकडची माणसं दाटली होती. शाळेचे ड्रिलमास्तर शिट्टी घेऊन मध्ये उभे. पहिल्या अर्ध्यात काहीच झालं नाही. दुसऱ्या अर्ध्यात आमच्या पांडूनं डाव्या पायानं चेंडू असा मारला की मिरजेचा गोलकीपर बघतच राहिला. गणूमामांनी शेजारच्या अनोळखी माणसाला उचलून घेतलं. मी मात्र खाली बसलो. उरलेली पंधरा मिनिटं गेली की दादाचं पत्र निघणार. मी मिनिटं मोजत होतो. दहाएक उरली असतील तेव्हा मिरजेच्या पोरानं लांबून चेंडू मारला, आणि तो नेहमीसारखा उडाला नाही. जमिनीवर पडून ओल्या पोत्यासारखा तिथंच बसला. मास्तरांनी उचलून दाबला तर बोटं आत गेली.

पुढचं मला आवाजानं आठवतं. आधी मिरजेच्या बाजूनं एकजण म्हणाला, “गोल झाल्यावर बरा बसला चेंडू.” मग गलका. गणूमामा मैदानात घुसले. “फुगावला कुनी हुता? वखारवाल्या पोरानं ना? कुठं हाय त्यो?” माणसं माझ्याकडं वळली. मी उठायचा प्रयत्न केला. तेवढ्यात चाचा पोत्यावरून उठले, सावकाश चालत मधे आले आणि त्यांनी मास्तरांच्या हातातून चेंडू घेतला. “फुगावल्यालं कशाला इचारता? शिलाई माझी हाय,” म्हणाले. खाली बसून त्यांनी वादी सोडली आणि हात आत घातला. मी समोरच होतो. त्यांचा हात आत थांबलेला मी बघितला. त्यांनी मान वर करून एकदा माझ्याकडं पाहिलं, म्हणजे माझ्या मोकळ्या दंडाकडं पाहिलं. हात बाहेर आला तो मूठ मिटूनच. अंगठ्याजवळ पिवळ्या दोऱ्याचं एक टोक बाहेर राहिलं होतं, ते त्यांनी बोटानं आत ओढून घेतलं.

“आरीचं टोक हाय,” चाचा म्हणाले. “शिवताना मोडून आत ऱ्हायलं. ब्लॅडर कापला त्येनं. माझी चूक.”

“दाखवा की,” मिरजेचा एकजण म्हणाला.

“काय दाखवू? चाळीस वर्सं शिवतोय, आन् तुमच्याम्होरं चूक सांगतोय. ह्याच्यापरीस काय दाखवू?” त्यांचा आवाज चढला नव्हता. मिरजेतला एक म्हातारा पुढं झाला आणि म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. चाचा खोटं बोलायचं न्हाईत.” तो म्हातारा असं म्हणाला नसता तर बरं झालं असतं, असं मला नंतर कितीदा वाटलं. दुसरा चेंडू नव्हता. मास्तरांनी सामना रद्द केला आणि आठ दिवसांनी पहिल्यापासून खेळायचं ठरवलं. पांडूचा गोल कुठंच धरला गेला नाही.

आम्ही घरी आलो. मी पडवीत तोंड झाकून पडलो. सकाळी मोगरीचा आवाज आला नाही, म्हणून उठून दुकानात गेलो. ते नुसतेच बसले होते. त्यांनी माझा हात ओढून दंडाला ताईत बांधला, गाठ दातानं घट्ट केली. “आईनं दिल्यालं चेंडूत घालत्यात व्हय रं?” एवढंच विचारलं. तेव्हा मी सगळं सांगितलं, दादाचं, पत्रांचं, हिशोबाचं. चाची दारात उभी राहून ऐकत होती. मी म्हणालो, “मी तालमीत जाऊन सांगतो. तुमच्या शिलाईचं नाव खराब झालं.”

“आन् मग? मिरजवालं म्हनत्याल, सांगलीवाल्यांनी करनी केली, म्हनून गोल झाला. गणू तुझी हाडं मोडंल. तू जाशील गावाकडं, तितं आईला काय सांगशील, ताईत कुठं घातला हुतास म्हनून?” त्यांनी समोरची मोगरी उचलून बाजूला ठेवली. “माझं काय जातंय. म्हातारा झाला, नजर गेली म्हनत्याल. ती काय आज ना उद्या जायचीच हाय.”

“पर चाचा, हे खरं न्हाई.”

“न्हाई तर न्हाई. तुला सांगायचंच आसंल तर सांग कवातरी. ही पोरं खेळायची थांबली म्हंजे. आता गप ऱ्हा आन् चाचीनं भाकर केलीय ती खा. काल दिसभर उपाशी हाईस.”

मी खाल्ली. तेवढी लाज वाटूनही ती भाकरी मला गोड लागली, हे कबूल करतो.

आठ दिवसांनी मिरजवाले येताना स्वतःचा चेंडू घेऊन आले. कुठून तरी लांबून मागवलेला, नवा. चाचांनी आणलेला चेंडू, ठिगळ मारून रात्रभर पाण्यात बुडवून तपासलेला, त्यांच्या पिशवीतच राहिला. आम्ही दोन गोलांनी हरलो. मला दादा मेला असं वाटलं. खरंच वाटलं, मी वखारीत गेलो नाही, पोस्टमनच्या वाटेवर जाऊन बसलो. आणि पाचव्या दिवशी दादाचं पत्र आलं. बरा आहे, पायाला लागलं होतं, इस्पितळात होतो, आता चालतो. पत्रावरची तारीख त्या पहिल्या सामन्याच्याही दोन महिने आधीची होती. म्हणजे मी ताईत सोडला, पांडूनं गोल मारला, चेंडू बसला, या सगळ्याच्या कितीतरी आधीच ते पत्र वाटेला लागलं होतं. मी ते वाचून रडलो, पण त्यातलं थोडं रडणं दुसऱ्याच कशासाठी होतं. त्या दिवसापासून तालमीचा सामना बघताना मी दादाची पावलं मोजली नाहीत. तालीम आणि दादा यांचा काही संबंध नव्हता, आणि चाचांची अब्रू मात्र गेली होती.

ती एकदम गेली नाही. चेंडू शिवायचं काम बंद झालं, ते धरून चालू. पण दुकानावर बसणारे टांगेवाले गमतीनं म्हणू लागले, “चाचा, लगाम तरी टिकंल न्हवं? का आत टोक हाय?” चाचा हसायचे. मग त्यातला एकजण दुसऱ्या दुकानी जाऊ लागला, मग अजून एक. गावात सायकलचं टायर फुटलं तरी पोरं म्हणत, “चाचाची शिलाई.” मी दर वेळी ठरवायचो, उद्या तालमीत जाऊन सांगतो. मग वाटायचं, हा हंगाम जाऊ दे. लढाई संपली, दादा परत आला, माझं लग्न झालं, आणि मला एका गिरणीत नोकरी लागून मी पार वऱ्हाडाकडं गेलो. निघताना चाचा म्हणाले, “तितं फुटबॉल हाय का रं?” मी म्हणालो, नसावा. “मग बरं हाय. जेवशील तरी.” ते गेल्याचं मला चार महिन्यांनी कार्डावरून कळलं.

मधल्या वर्षांत माझंही गणूमामांसारखं झालं. गिरणीत कोल्हापूरकडचे दोघं होते, ते घाटावरच्या तालमीवरून मला चिडवत आणि मी कामाच्या जागी भांडत असे, बायकोवर राग काढत असे. पन्नाशीनंतर तोही जोर गेला. आता मी नागपुरात मुलीकडं असतो. भाचा सांगलीहून फोन करतो, “मामा, तालीम जिंकली,” नाहीतर “हरली.” मी विचारतो, “कुणाला लागलं का?” तो हसतो. त्याला वाटतं, मामाला आता समजत नाही. डॉक्टरांनी टीव्हीवरचे सामने बघू नका म्हणून सांगितलंय, पण ते उगीच घाबरतात. गोलानं माझ्या छातीत आता काही होत नाही. कुणी पडून उठत नसला की मात्र होतं. तेव्हा मी खुर्चीतून उभा राहतो आणि तो उठेपर्यंत बसत नाही.

त्या सामन्यातला पांडू मागच्या वर्षी गेला. शेवटपर्यंत त्याचे दोन्ही गुडघे धड होते, असं भाच्यानं सांगितलं. त्या दिवशी मैदानात उतरलेल्यांतला तो शेवटचा. म्हणजे पोरं खेळायची थांबली, चाचा. तुम्ही घातलेली अट पुरी झाली आणि मला सबब उरली नाही. इथं लिहिलं म्हणून ते फिटलं असं मी धरत नाही, कारण टांगेवाल्यांच्या घरची माणसं हे वाचणार नाहीत आणि मिरजवाले तर नाहीच नाहीत. तुमचा नातू त्याच दुकानात आता शाळेची दप्तरं शिवतो म्हणे. ताईत अजून माझ्याजवळ आहे, दोरा बदलला, तांबं तेच. थंडी सरली की भाचा न्यायला येणार आहे. ढालीच्या शेवटच्या सामन्याच्या दिवशी, मैदानात दोन्हीकडची माणसं दाटलेली असतील तेव्हा, मी तो तुमच्या नातवाच्या हातात देईन आणि ऐकतील तेवढ्यांना सांगेन की आरी मोडलेली नव्हती. तोवर पाय टिकवून ठेवतो.